मानेवरची पावडर

३ जुलै, नांदी विमानतळ, फिजी

ही वही सुनेने दिली. "आई, तिकडे तुमचं ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसणार, यात लिहा," म्हणाली. बोलणं टोचरं, पण वही चांगली आहे, जाड कागदाची. आपियाचं विमान सुटायला अजून अवकाश आहे आणि आमचे मल्ल खुर्च्यांवर आडवे होऊन घोरताहेत, तेव्हा सुरुवात करते.

मी रोरेती. लोक मानाने नेई रोरेती म्हणतात, नेई म्हणजे बाई. बेतिओत नाच शिकवते. आमची किरिबाटीची पलटण पॅसिफिक खेळांना निघाली आहे: पळणारे, वल्ही मारणारे, टेबल टेनिसवाले, वजनं उचलणारे आणि माझ्या नाचणाऱ्या मुली. बारा जुलैला आपला स्वातंत्र्यदिन. तो खेळांच्या मधोमध येतोय, आणि त्या संध्याकाळी सगळ्या देशांपुढे आमचा नाच आहे. नाचात आम्हाला कोणी हरवू शकत नाही, पण त्याला पदक नसतं. हे कोणी ठरवलं कोण जाणे.

तारेमाही याच पलटणीत आहे, पण माझ्या मुलींत नाही. ती लोखंडवाल्यांत बसली आहे.

तारेमा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दूध सुटल्यावर मी तिला मागून घेतलं. आमच्यात मागितलं की देतात. सहाव्या वर्षी तिला नाचात उभं केलं, पंधराव्या वर्षी पहिल्या रांगेत मधोमध. आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस ती तालमीला आलीच नाही. शोधत गेले, तर चर्चच्या मागे नीरफणसाखाली बाईसाहेब लोखंडी दांडा डोक्यावर धरून उभ्या! शेजारी बाइतेके, त्यांचा तो प्रशिक्षक, पोट सावरत "अजून एक, अजून एक" करतोय. तेव्हापासून माझ्या रांगेत मधली जागा रिकामी आहे. दुसरी मुलगी तिथे उभी करून पाहिली. दात पडल्यासारखं दिसतं.

आज विमानात तीच बोलायला आली. "मावशी, पैज लावायची? पहिल्या तिघींत आले तर मी न्यूझीलंडला सरावकेंद्रात जाणार, दोन वर्षं. त्यांनी तसं कबूल केलंय."

"आणि नाही आलीस तर?"

"तर घरी. पहिली रांग, मधोमध. तू म्हणशील तसं नाचेन, तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

मी तिचं बोलणं संपायच्या आत हात पुढे केला. ती हसली. मला वाटतं तिला माझं मन कळलं.

देवापासून काही लपत नाही, तेव्हा या वहीपासून तरी कशाला लपवू? ती हरावी असं मला वाटतं. अगदी शेवटची नको, लोक नावं ठेवतील. चौथी यावी.

४ जुलै, आपिया

या देशात जमीन सरळ उभी राहते. डोंगर म्हणे. आमची बस त्यावर चढायला लागली तशी माझ्या मुलींनी एकमेकींचे हात धरले आणि देवाचं गाणं सुरू केलं. चालकाला वाटलं आम्ही खुशीत आहोत. तो आणखी जोरात हाकू लागला.

विमानतळावर माझी कामाइमाइची बाटली अडवली होती. "हे काय?" त्या अधिकाऱ्याने विचारलं. म्हटलं, "ताडीचा पाक. चाटून बघ." त्याने चाटला. मग शेजारच्याला बोलावून चाटवला. बाटली परत मिळाली, पण अर्धी.

आम्हाला एका शाळेच्या वसतिगृहात उतरवलंय. सगळ्यांचे शर्ट एकाच मापाचे आले आहेत, बाइतेकेच्या मापाचे. माझ्या मुली त्यात तंबूत शिरल्यासारख्या दिसतात. बाइतेकेला मात्र तो घट्ट होतोय.

६ जुलै

आज तारेमाचा सराव बघायला गेले. मुद्दाम नाही, वाटेतच होतं.

आत सगळ्या देशांच्या दांडगट मुली. लोखंड जमिनीवर पडतं तेव्हा पायातून आवाज येतो. बाइतेकेने मला प्रकार समजावला. उचल दोन तऱ्हेची असते. एक एका दमाची, जमिनीवरून थेट डोक्यावर. दुसरी दोन दमांची, आधी गळ्याशी खांद्यावर टेकवायचं, मग डोक्यावर. प्रत्येकीला दोन्हीच्या तीन तीन संधी, आणि दोन्हीतल्या चांगल्या उचलींची बेरीज. सामोआची लोसा पहिली येणार हे तो आत्ताच सांगून मोकळा झाला. "मारामारी उरलेल्या दोन जागांची आहे, नेई."

कोपऱ्यात एका मोठ्या वाडग्यात पांढरी भुकटी होती. प्रत्येक मुलगी जाता जाता त्यात हात घालत होती. मी म्हटलं, "अरे वा, तुमच्यातही पावडर आहे की!"

"ही खडूची, नेई. पकड बसायला. हातात आलेलं निसटू देत नाही ती. तुमची ती वासाची, गुळगुळीत, ती तेवढी इकडे आणू नका." आणि स्वतःच खो खो हसला.

माझ्या पिशवीत डबी होतीच, नाच म्हटलं की ती असतेच. चांगल्या वासाचं वावडं असलेली माणसं असतात, त्यातलाच हा एक.

तारेमाने मला पाहिलं आणि दांडा पुढे टाकला. नंतर म्हणाली, "तू आलीस की माझे गुडघे तुझ्या ओरडण्याची वाट बघतात." मी म्हटलं, "मग सरळ ठेवत जा ते."

७ जुलै

उद्घाटन झालं!

मैदानात इतकी माणसं होती की आमच्या सगळ्या बेटांवरची गोळा केली तरी एक बाजू रिकामी राहिली असती. आमचं नाव पुकारलं आणि झेंडा आत शिरला. लाल आभाळ, पिवळा सूर्य आणि वर पंख पसरलेला आपला एइतेई पक्षी. झेंडा धरला होता तिमेओनने. हे आमच्या पथकाचे प्रमुख. तेच बस ठरवतात, तेच डोकेदुखीची गोळी देतात, तेच होड्यांच्या शर्यतीत राखीव वल्हेकरी आहेत. माणसं थोडी असली की असंच.

ठरलं होतं की गंभीर चालायचं. नाचताना आम्ही हसत नाही आणि मी पोरींना बजावलं होतं की हेही तसंच. पण समोरून टोंगावाले ओरडले, "मौरी, किरिबाटी!" आपल्या भाषेत नमस्कार! मग माझंच तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाकलं. तारेमा मागून म्हणाली, "मावशी, दात!"

घसा बसलाय. उद्या गाण्याची तालीम कशी घेऊ?

९ जुलै

वसतिगृहाच्या अंगणात तालीम. मधली जागा रिकामी ठेवूनच नाचवलं. नाही तर नाही.

तारेमा सरावाला निघाली होती, खांद्यावर पिशवी, कमरेला तो चामड्याचा रुंद पट्टा. आमच्या नाचातले पट्टे घरच्या बायकांच्या केसांचे विणलेले असतात. माझे केस, तिच्या आईचे केस, आजीचे. हिला मेलेल्या बैलाची कातडी आवडते.

जाता जाता ती थांबली. पिशवी खाली ठेवली, मधल्या जागेत येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरले. उभ्याने नाचायचा आमचा काइमातोआ तसाच सुरू होतो, एइतेई वाऱ्यावर थांबतो तसं थांबायचं. मान हलत नाही, बोट हलत नाही, डोळा फक्त फिरतो. दोन वर्षं दांडे उचलूनही हात तसाच, तसूभर वाकडा नाही. माझ्या मुली गायच्या थांबल्या.

मग तिने पिशवी उचलली आणि गेली.

एकदा, आठ-नऊ वर्षांची असेल, मनेआबात, आमच्या गावच्या सभाघरात, नाच संपल्यावर तिने मला विचारलं होतं. लोक तिच्यावर खूश होऊन मानेवर पावडर टाकत होते, सेंट मारत होते. आमच्यात चांगल्या नाचणाऱ्याचा मान असाच करतात, नाच चालू असतानाच. "मावशी, सगळे टाकतात. तू का नाही टाकत?"

मी म्हणाले होते, "टाकण्यासारखं नाचशील तेव्हा टाकेन."

माझ्या शिष्यांवर मी कधीच टाकत नाही. एकदा टाकली की डोकं फिरतं, हात सैल पडतो. माझ्या गुरूने माझ्यावर टाकली नाही. मी काही मेले नाही त्याने.

१० जुलै

मी सहायक प्रशिक्षक झाले!

बाइतेकेचा मदतनीस होड्यांच्या शर्यतीत हवा आहे, वल्हं मारायला माणूस कमी पडतोय. तिमेओन म्हणाले, "नेई रोरेती, बारा तारखेला तारेमाबरोबर आत तुम्ही थांबा. पाणी द्यायचं, टॉवेल द्यायचा, बाइतेके सांगेल ते करायचं." गळ्यात अडकवायला माझ्या फोटोची पाटी दिली. फोटोत मी रागावलेली दिसते, पण पाटी रुबाबदार आहे.

बाइतेकेचा चेहरा पडला. "नेई, तुम्हाला पैज ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे."

"मग?"

"काही नाही. फक्त टॉवेल आणि पाणी."

मला काय विष घालायचंय? पण उगाच बोलत नाही. तारेमा मात्र खूश आहे. की घाबरली आहे. तिचं दोन्ही सारखंच दिसतं.

११ जुलै

उद्या तिचं वजन करणार, गटापेक्षा जास्त भरलं तर बाहेर, म्हणून ती काल दुपारपासून नीट जेवलेली नाही. माझ्या पुढ्यात नारळाच्या दुधातला अळूचा गड्डा आणि ती लिंबाची फोड चोखत बसलेली. मला घास जाईना. ताट सरकवून दिलं. शेवटी बाइतेकेने खाल्लं.

मला धडधडतंय. मला कशाला धडधडायचंय? मला तर ती चौथी यायला हवी आहे.

१२ जुलै, दुपार

संध्याकाळी नाच आहे, मुलींच्या डोक्यावरची फुलांची चक्रं अजून ओवायची आहेत, पण आधी हे लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

सकाळी पडद्यामागच्या खोलीत आम्ही तिघं. खोली नव्हे, मासळी बाजार. प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या भाषेत ओरडतोय. बाइतेकेचं सारखं चाललेलं, टेबलापाशी जाऊन पुढचं वजन किती ते सांगून यायचं. मी टॉवेल धरून उभी. पडद्याच्या फटीतून मंच दिसत होता आणि पलीकडे आमचे लोक, सगळे त्या तंबूएवढ्या शर्टांत, मुठीने बाक बडवत होते.

एका दमाच्या उचलीत तारेमा तिसरी! मी उडीच मारली. बाइतेके माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, "काय बघतोस? टॉवेल हातातून पडत होता."

मग दोन दमांची. पहिल्या संधीला फिजीची मुलगी पुढे गेली, नाउरूची एक पुढे गेली, आणि तारेमाची पाळी आली. तिने दांडा गळ्याशी घेतला, उठली. मग डोक्यावर. आणि थांबली.

हे मी नीट लिहिणार आहे. दांडा वर गेल्यावर पंच हात खाली करेपर्यंत तसंच थांबावं लागतं. बाकीच्या मुली त्या वेळी दात विचकतात, पाय थरथरतात, कोणी ओरडते. तारेमा थांबली ती तशी नाही. हात पसरलेले, मान ताठ, चेहऱ्यावर काही नाही, डोळा फक्त एकदा फिरला. एवढं लोखंड डोक्यावर आणि ही पोर काइमातोआत उभी! मी शिकवलेला हात. मी छडी मारून सरळ केलेला कोपर. दोन वर्षं मला वाटत होतं तिने नाच सोडला. नाच तिने जसाच्या तसा उचलून नेला होता, नेऊन इथे ठेवला होता. माझ्या अंगावर काटा आला. नाचात हे आलं की माणूस रडतो, किंचाळतो, कोणी आवरत नाही त्याला. मी दोन्ही केलं.

ती परत आली, बाकावर बसली. बाइतेके टेबलाकडे धावला. आणि लगेच तिच्या दुसऱ्या संधीचा पुकारा झाला. ती उठली. मी पिशवीतून डबी काढली, झाकण उडवलं आणि तिच्या मानेवर ओतली. मानेवर, गळ्यावर, खांद्यांवर. खाली मांड्यांपर्यंत पांढरं झालं. मग सेंट. अर्धी कुपी.

तारेमा जागच्या जागी थिजली. वळून माझ्याकडे पाहिलं. असं तिने मला कधी पाहिलं नव्हतं, लहानपणीही नाही. मी म्हटलं, "जा, जा, घड्याळ चालू झालंय!"

ती मंचावर गेली. आमच्या लोकांनी तिची पांढरी मान पाहिली आणि छप्पर डोक्यावर घेतलं. त्यांना बरोबर कळलं. पण पंच उठला. त्याने तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं, मांड्यांकडे दाखवलं, आणि कोणीतरी एक फडका पुढे केला. पुसण्याची खूण केली. तिने फडका घेतला नाही. पुन्हा खूण. घड्याळ पळतंय, आणि ही हात खाली सोडून खांबासारखी उभी! मी ओरडले, "अगं, घे ना तो फडका!" ती हललीच नाही. भोंगा वाजला. संधी गेली. दांड्याला हातही न लावता.

हट्टी आहे. पहिल्यापासून. माझ्या बहिणीवर गेली आहे.

बाइतेके वाऱ्यासारखा आला. "कोणी टाकली? कोणी टाकली ही?" त्याला विचारायची गरज नव्हती, डबी माझ्या हातात होती. "नेई! वासाची पावडर चालत नाही इथे! दांडा सरकतो म्हणून नियमच आहे, पुसल्याशिवाय उचलू देत नाहीत! मी सांगितलं नव्हतं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला ती हरायलाच हवी होती ना?"

लावलेल्या फळ्यावर मी आकडे वाचले. लोसा, फिजी, नाउरू, मग आम्ही. चौथी. देवाने माझं ऐकलं होतं, अगदी शब्दशः ऐकलं होतं.

माझ्या हाताला माझ्या मनातलं ठाऊक होतं का? या वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून स्वतःला दोनदा विचारलं. नाही. डबी उघडली तेव्हा पैज, न्यूझीलंड, रांग, यातलं काहीही डोक्यात नव्हतं. फक्त तो हात होता. पण हे बाइतेकेला कसं सांगू?

तारेमानेच सांगितलं. "तिला काही बोलू नका," म्हणाली. एवढंच. आणि बाइतेकेने टॉवेल पुढे केला तर मान मागे घेतली.

"अगं बये, एकच संधी उरलीय! फिजी आणि नाउरू झाल्या की तूच आहेस! पूस!"

"नाही पुसणार."

"का पण?"

तिने हाताने मान झाकली. बाइतेके तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग हातातल्या टॉवेलकडे. त्या जाड्याला तेव्हा काय सुचलं ठाऊक नाही, पण त्याचा राग एकदम उतरला. टॉवेल माझ्या हातात ठेवला. "तुम्ही पुसा, नेई. दुसऱ्याच्या हाताने ती पुसू देणार नाही."

टाकलेली पावडर पुसायची! आमच्या कोणत्याही बेटावर असं कोणी केलेलं नाही. पण मी पाण्यात टॉवेल भिजवला. ती खाली बसली आणि मान वाकवली. मी मान पुसली, गळा पुसला, मांड्या पुसल्या, लहानपणी समुद्रातून आली की पुसायचे तशी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पुसते म्हणजे परत घेत नाही गं. दिलेलं दिलं. ही ठेव समज माझ्याकडे. वर जा, थांबून दाखव, उरलेली सगळी टाकते."

"सगळी?"

"डबी उपडी करते."

ती हसली. नाक लाल, डोळे लाल, आणि हसली. बाइतेके म्हणाला, "मी वजन वाढवून आलोय. सरावात कधी गेलं नाही एवढं. उचललं तर दुसरी, नाहीतर चौथी. मधलं काही नाही." ती म्हणाली, "चालेल." जसं काही कोणी चहा विचारला होता.

पंचाने तिला पायापासून गळ्यापर्यंत पाहिलं, वास घेऊन नाक मुरडलं आणि मान डोलावली. तिने खडूच्या वाडग्यात हात घातले. दांडा धरला.

मी डोळे मिटले. लगेच उघडले. कोणा दुसरीला मी डोळे मिटू दिले नसते.

गळ्याशी आला. ती उठता उठेना. अर्ध्यात अडकली, गुडघे वाकलेले, आणि मी, माझ्या बसलेल्या घशाने, सगळ्या देशांच्या प्रशिक्षकांसमोर ओरडले, "तारेमा! गुडघे!!"

गुडघे सरळ झाले. देवाशप्पथ झाले! मग एक श्वास, आणि दांडा वर. एक पाय पुढे एक मागे, मग दोन्ही एका रेषेत, आणि हात पसरलेले. थांबली. पंचाने हात खाली केला. तिने दांडा सोडला नाही. खाली ठेवायचा भोंगा वाजला तरी नाही. आमचे लोक बाक बडवायचे थांबले. किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही, पण एइतेई तसाच थांबतो, आणि मान हलली नाही, बोट हललं नाही. मग तिने दांडा पुढे टाकला आणि तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे तिन्ही पंचांना उचल मान्य.

दुसरी! पॅसिफिकमध्ये दुसरी! बाइतेकेने मला उचललं. मी म्हटलं, "खाली ठेव, मेल्या, ही माझी संधी नाही!"

ती पडद्याआड आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि मान वाकवली. मी डबी उपडी केली. शेवटी तळाला थापट्या मारल्या.

पदक घ्यायला ती तशीच गेली, पांढरीशुभ्र. लोसाला दोनदा शिंक आली.

आता फुलं ओवते. पैज मी हरले आहे. हे मला आत्ता, इथे, लिहिताना आठवलं.

१३ जुलै

कालचा नाच. मी मुलींना सांगितलं, मधली जागा रिकामीच ठेवा. रांगा लागल्या, मी गाण्यासाठी पुढे उभी राहिले आणि पाहते तर तारेमा, पानांचा घागरा, डोक्यावर फुलांचं चक्र, मधोमध.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "पैज तू जिंकलीस. उभं राहायचं कारण नाही."

"पैजेसाठी कोण उभं राहिलंय?"

हात कसले पसरता येतायत तिला! सकाळी एवढं लोखंड उचललेलं, खांदे पार भरून आलेले. उजवा हात सारखा खाली येत होता. मी गाता गाताच ओरडले, "हात! हात!" पुढे बसलेल्या टोंगावाल्यांना वाटलं तो गाण्याचाच भाग आहे, तेही ओरडायला लागले, "हात! हात!" इतका वाईट नाच ती आयुष्यात नाचली नसेल. आणि मी सांगते, इतका सुंदर नाच माझ्या तुकडीने कधी केला नाही.

आमचे लोक डब्या घेऊन उठले, मुलींवर पावडर, सेंट, नुसता धूर. माझी डबी रिकामी. मी तशीच गात उभी.

शेवटच्या कडव्याला तारेमा रांग सोडून पुढे आली. रांग सोडून! मी डोळे वटारले. तिने कमरेच्या केसांच्या पट्ट्यात खोचलेलं काही काढलं. खडूचा तुकडा होता, त्या वाडग्यातला. तळहातावर चुरला. आणि सगळ्या देशांसमोर माझ्या मानेला लावला, दोन्ही बाजूंनी, सावकाश.

शिष्येने गुरूवर पावडर टाकायची आमच्यात पद्धत नाही. ऐकिवातही नाही. मी गाणं थांबवलं नाही, तेवढं मात्र सांगते. सूर गेला असेल.

आज सकाळी तिला विचारलं, "काय गं, तो पंच एवढं लख्ख सांगत होता, काल तू पुसली का नाहीस?"

"विसरले."

"विसरलीस? घड्याळ समोर, फडका समोर, आणि विसरलीस?"

"हो मावशी. डोक्यातच आलं नाही."

दोन वर्षं परक्या देशात कशी राहणार ही पोर? धांदरट आहे अगदी. बाइतेके शेजारी बसून अळू खात होता, त्याला ठसका लागला.

२१ जुलै, आपिया विमानतळ

तारेमाचं विमान आधी गेलं. न्यूझीलंडला थंडी असते म्हणून बाइतेकेचा तो शर्ट दोन पदरी करून तिला दिला. कामाइमाइची उरलेली अर्धी बाटलीही दिली. तिने मागितलं एकच, माझी रिकामी डबी. म्हटलं, "त्यात काही नाही." म्हणाली, "वास आहे."

मग गेली. काचेपलीकडे वळून दोन्ही हात पसरले आणि थांबली. मागून लोक ढकलत होते तरी थांबली. कोपर सरळ होता. मी बघून घेतलं.

आमचं विमान उशिराचं आहे. मल्ल पुन्हा खुर्च्यांवर घोरताहेत. मघाशी तोंड धुवायला गेले तर आरशात मानेच्या वळीत अजून पांढरं दिसलं. नऊ दिवस झाले, रोज अंघोळ करते मी, साबण लावून. बाइतेकेला दाखवलं. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, नेई. ती आलेलं निसटू देत नाही."

या वेळी मी त्याचं ऐकून घेतलं.